स्मृती मोजली म्हणजे नेमके काय मोजले?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

परीक्षांच्या तोंडावर आपल्या रविवार पुरवणीत स्मरणशक्तीविषयी आलेला लेख वाचला. विषयाची निवड स्वागतार्ह आहे. परंतु ‘वाचलेल्यापैकी सत्तर टक्के भाग माणूस चोवीस तासांत विसरतो, हे मानसशास्त्राने सिद्ध केले आहे’ हे त्यातील ठळक टायपात छापलेले वाक्य जसेच्या तसे मान्य करता येत नाही. हा आकडा शिकवणी वर्गांच्या जाहिरातींतही सर्रास फिरत असतो, म्हणून तो कोठून आला हे वाचकांपुढे यावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

त्याचे मूळ हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे. ज्याच्यावर हे प्रयोग झाले तो माणूस एकच, खुद्द एबिंगहाउस. व्यंजन, स्वर, व्यंजन अशी जुळणी करून त्याने सुमारे 2300 निरर्थक अक्षरसमूह तयार केले, त्यांच्या तेरा-तेराच्या याद्या ठरावीक गतीने वाचून बिनचूक म्हणता येईपर्यंत पाठ केल्या आणि मध्ये काही काळ जाऊ दिल्यावर त्याच याद्या पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती वेळ कमी लागला, हे मोजले. एक दिवसानंतर ही बचत साधारण 34 टक्के भरली. म्हणजे पहिल्यांदा 1000 सेकंद लागले असतील, तर दुसऱ्या दिवशी सुमारे 660 सेकंदांत काम झाले. दुसऱ्या दिवशी त्याला किती अक्षरसमूह आठवत होते, हे या पद्धतीत मोजलेच जात नाही. तरीही शंभरातून 34 वजा करून उरलेल्या आकड्याला ‘विस्मरण’ म्हटले गेले आणि पुढे तो सोयीने सत्तरवर नेला गेला. एकतीस दिवसांनंतरही बचत 21 टक्के शिल्लक होती, म्हणजे पहिल्या दिवसानंतर घसरण फार मंदावते, ही त्याच वक्राची (काळानुसार बचत कशी घटते, हे दाखवणाऱ्या आलेखाची) दुसरी बाजू मात्र जाहिरातींत येत नाही. शिवाय इंग्रज कवी बायरनच्या काव्यातील कडवी पाठ करायला तेवढ्याच लांबीच्या निरर्थक मजकुराच्या साधारण एक-दशांश श्रम पुरतात, हेही एबिंगहाउसनेच नोंदवून ठेवले आहे.

यात त्याला उणे लेखण्याचा हेतू नाही. 2015 मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला. त्यांच्यापैकी एकाने सुमारे सत्तर तास याद्या पाठ केल्या आणि हाती आलेला वक्र मूळ वक्राशी बराच जुळला. मोजमाप पक्के आहे. ते नववीच्या इतिहासाच्या धड्याला लावणे कच्चे आहे.

अर्थ असलेला मजकूर आठवताना काय होते, हे केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 मध्ये अगदी वेगळ्या मार्गाने दाखवले. अमेरिकेतील मूळ रहिवाशांची एक लोककथा इंग्रज वाचकांना वाचायला देऊन त्यांनी ती पुन्हा पुन्हा, कधी कधी महिन्यांच्या अंतराने, लिहून घेतली. कथा आखूड होत गेली, त्यातील डोंग्यांच्या साध्या होड्या झाल्या आणि वाचकाला न पटणारे तपशील एक तर गळाले किंवा त्याच्या परिचयाच्या रूपात पुन्हा उभे राहिले. बार्टलेट यांच्या पद्धतीवर पुढे टीका झाली आणि ती योग्यच होती: काटेकोर आठवण्याची ताकीद दिली की अशा चुका कमी होतात, असे 1967 मध्ये दिसून आले. मात्र 1999 मध्ये प्रयोग नीट बांधून पुन्हा केला, तेव्हा बार्टलेट यांचा मुख्य निष्कर्ष टिकला. त्यामुळे ‘किती टक्के विसरले’ या प्रश्नाला अर्थपूर्ण मजकुराच्या बाबतीत एकच एक उत्तर काढणे अवघड असते, कारण माणूस नुसता विसरत नाही, तो रचतही असतो.

लेखासोबत छापलेल्या तीन चौकोनांच्या आकृतीबद्दलही थोडे. संवेदी (इंद्रियांना जाणवलेले क्षणभर धरणारी), अल्पकालीन आणि दीर्घकालीन स्मृती अशी मांडणी करणारे हे प्रारूप रिचर्ड ॲटकिन्सन आणि रिचर्ड शिफ्रिन यांनी 1968 मध्ये मांडले. (मूळ निबंधाचा मोठा भाग माणूस हाती आलेल्या माहितीचे काय करतो, याविषयी आहे, आकृतीत तो मावत नाही, म्हणून पाठ्यपुस्तकांतूनही गळतो.) अल्पकालीन स्मृती ही दीर्घकालीन स्मृतीकडे जाणारी वाट असेल, तर ती बिघडलेल्या माणसाला नवे काही शिकता येऊ नये. पण एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांनी 1969 मध्ये अशा एका रुग्णाची नोंद केली, ज्याला एका वेळी जेमतेम दोन अंक ऐकून म्हणता येत, आणि तरीही त्याचे दीर्घकालीन शिकणे शाबूत होते. 1974 मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी लोकांना सहा अंक मनात धरायला लावून त्याच वेळी तर्काची कोडी घातली. वेळ वाढला, चुका मात्र फारशा वाढल्या नाहीत; अल्पकालीन स्मृती हा एकच साठा असता, तर अंकांनी तो भरून तर्क कोलमडायला हवा होता. तेव्हा मधल्या एका चौकोनाच्या जागी उच्चारांसाठी एक यंत्रणा, दृश्यांसाठी एक आणि दोहोंवर देखरेख करणारी एक, अशी कार्यकारी स्मृतीची मांडणी पुढे आली. लेखात तिचा उल्लेखही नाही.

विद्यार्थ्यांच्या खऱ्या उपयोगाचा प्रयोग हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केला. उतारा एकदा वाचल्यावर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे 81 विरुद्ध 75 टक्क्यांनी पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के आणि पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवले. चाचणी पाच मिनिटांवर थांबली असती, तर आपल्या लेखातील ‘धडा पुन्हा पुन्हा वाचा’ हा सल्लाच शास्त्रीय ठरला असता.

पुढील पुरवण्यांत असे आकडे छापताना प्रयोग कोणावर झाला, त्यांना काय शिकायला दिले होते आणि किती काळाने कशा रीतीने तपासले, एवढा तपशील सोबत द्यावा, आणि सत्तर टक्क्यांच्या त्या वाक्याविषयी खुलासाही छापावा, ही विनंती.

आपला,
मानसशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सातारा