हार्ड रॉकच्या रेकॉर्ड आणि त्यांची दुसरी बाजू

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या रेकॉर्डच्या पुनरागमनाविषयी आपल्या पुरवणीत नुकताच आलेला लेख आवडला. मात्र एलपीचा (म्हणजे पूर्ण अल्बमच्या मोठ्या रेकॉर्डचा) आवाज डिजिटलपेक्षा सरस असतो म्हणून ती विकत घ्यावी, हे त्यातील प्रतिपादन पटले नाही. सत्तरच्या दशकातील हार्ड रॉकच्या रेकॉर्ड मी बरीच वर्षे जमवत आले आहे, आणि निव्वळ आवाजाच्या कसोटीवर त्या पुष्कळदा उण्याच ठरतात. त्या जपाव्यात त्या निराळ्याच कारणासाठी. हे अल्बम वीस-बावीस मिनिटांच्या दोन बाजूंसाठी बांधलेले आहेत आणि ती बांधणी मोबाइलवर एकामागून एक गाणी ऐकताना लक्षातही येत नाही.

आधी आवाजाचे पाहू. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. सुई कडेकडून मध्याकडे सरकते तसतसा एका फेऱ्यात तिच्या वाट्याला येणारा चर, म्हणजे ध्वनी कोरलेली खाच, आखूड होत जातो. कडेला तिच्याखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर चर सरकत असेल, तर मधल्या कागदी लेबलाजवळ त्याच्या निम्म्याहूनही कमी. तेवढाच ध्वनी कमी जागेत कोंबावा लागल्याने बाजूच्या अखेरीस आवाज फाटू लागतो. आता ‘लेड झेपेलिन’ या बँडचा १९७१चा चौथा अल्बम घ्या, ज्याच्या कव्हरवर ना बँडचे नाव आहे, ना अल्बमचे. त्यातले ‘स्टेअरवे टू हेवन’ पहिल्या बाजूच्या शेवटी आहे आणि संथपणे सुरू झालेले ते गाणे नेमके आतल्या चरांत पोहोचल्यावर कडाडते. माझ्या प्रतीत तिथे गायक रॉबर्ट प्लांटच्या आवाजातला प्रत्येक ‘स’ फसफसतो, आणि वाद्ये थांबून त्याची शेवटची ओळ एकटी उरते तेव्हा आजवर लपलेली सगळी चरचर उघडी पडते. दुसरी बाजू संपते ती हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या जिन्याखाली जॉन बॉनमने वाजवलेल्या दणदणीत ड्रम्सवर. म्हणजे दोन्ही वेळा सर्वांत अवजड मजकूर सर्वांत अडचणीच्या जागी! तरीही ‘स्टेअरवे’नंतर लगेच दुसरे गाणे सुरू होऊ नये, उठून तबकडी उलटावी लागावी, हे मला त्या गाण्याचाच भाग वाटते.

‘डीप पर्पल’ या बँडच्या ‘मशीन हेड’ अल्बममध्ये हाच न्याय उलट दिशेने लागू पडतो. डिसेंबर १९७१मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे, फ्रँक झापा या संगीतकाराच्या कार्यक्रमात कुणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा जळता गोळा सोडणारी बंदूक) झाडल्याने ज्या कॅसिनोत ध्वनिमुद्रण व्हायचे होते तो जळून खाक झाला. मग जवळच्या नाट्यगृहात ध्वनिमुद्रण सुरू केले, तर शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली, आणि अखेर हिवाळ्यात ओस पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळांत गाद्या लावून, ‘रोलिंग स्टोन्स’ या बँडच्या फिरत्या स्टुडिओचा ट्रक बाहेर उभा करून, हा अल्बम झाला. त्या आगीच्या, तळ्यावर पसरलेल्या धुराचे गाणे, ‘स्मोक ऑन द वॉटर’, दुसऱ्या बाजूच्या आरंभी आहे. बाहेरच्या ऐसपैस चरात ती गिटारची सुरावट जशी ठाम उमटते, तशी मधल्या एखाद्या क्रमांकावर उमटली नसती. ‘एसी/डीसी’ या बँडच्या १९८०च्या ‘बॅक इन ब्लॅक’ची पहिली बाजू घंटेच्या टोलांनी उघडते आणि दुसरी शीर्षकगीताने. त्याच वर्षी निवर्तलेल्या बॉन स्कॉट या बँडच्या गायकाला वाहिलेल्या अल्बमची ही दोन प्रवेशद्वारे आहेत. सीडीवर मात्र शीर्षकगीत म्हणजे निव्वळ सहावे गाणे.

आपल्या लेखात ‘क्वीन’ या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा उल्लेख पाचगणीच्या शाळेपुरताच आला. खरे तर बाजूंचा विचार इतक्या उघडपणे क्वचितच कुणी केला असेल. १९७४च्या ‘क्वीन टू’मध्ये पहिली आणि दुसरी अशा बाजूच नाहीत, एक पांढरी आणि एक काळी आहे. पांढऱ्या बाजूवर चार गाणी गिटारवादक ब्रायन मेची आणि एक ड्रमवादक रॉजर टेलरचे, तर काळ्या बाजूवरची सहाही मर्क्युरीची, त्यातली काही तर मध्ये श्वासही न घेता एकमेकांत मिसळणारी. मोबाइलवर ही गाणी सरमिसळ क्रमाने लावणे म्हणजे नाटकाचे प्रवेश चिठ्ठ्या टाकून ठरवण्यासारखे आहे.

शेवटी एका नव्या प्रकाराविषयी. एकाच एलपीचा अल्बम मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या दोन तबकड्यांवर पसरवून अनेकदा दुपटीहून अधिक किमतीला विकला जातो. आवाजाचा दावा इथे खरा आहे, कारण चर वेगाने सरकतो आणि आतल्या भागापर्यंत जावेच लागत नाही. परंतु दोन बाजूंच्या चार बाजू होतात, दर दोन-तीन गाण्यांनी उठावे लागते आणि कलावंतांनी योजलेला मध्यंतर भलत्याच ठिकाणी येतो. आपल्या लेखात नव्या ग्राहकांना याच आवृत्त्यांची शिफारस केलेली आहे. त्यांनी त्याऐवजी जुन्या बाजारातली, फारसे ओरखडे नसलेली, एकाच तबकडीची प्रत शोधावी आणि ‘स्टेअरवे’च्या अखेरीस आवाज थोडा फाटला तर फाटू द्यावा, असे मी सुचवेन.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे