उतार गाडीने उतर

सातारा

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हा आई म्हणाली, आता दोन दिवस गप्प बसा. म्हणून लिहितोय. गुडघ्याचं काढायचं नाही असं ठरवलंय.

मुंबई मॅरेथॉनसाठी तू आणि तुझी जोडीदार मुग्धा यांनी केलेल्या आखणीत ३० ते ३२ किलोमीटरचा सगळ्यात लांब पल्ला शर्यतीच्या तीन आठवडे आधी ठेवलाय, ते बरोबर. त्यानंतर पळणं कमी करत आणायचं. ताकदीसाठीचा तो गोड जेल दर ४०-४५ मिनिटांनी, पाण्याबरोबर, आणि तोच जेल लांब पल्ल्याला आधी पोटात उतरवून बघायचा. काखेत, मांड्यांना व्हॅसलीन. हे सगळं मुग्धाला ठाऊक आहे, पोरगी हुशार आहे. फक्त तिचा आरामाचा वेग तुझा दमाचा आहे. पळताना तुला सलग दोन वाक्यं बोलता येत नसतील तर तिला पुढे जाऊ दे, पाणपोईपाशी भेटा. तू कुणाला पुढे जाऊ देणार! शाहू स्टेडियमवर बूट फेकून अनवाणी पळालीस, तो कप अण्णांच्या कपाटात अजून आहे.

पण सायली, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने दुखतं, दर वेळी सातव्या-आठव्या किलोमीटरलाच सुरू होतं, उतारावर वाढतं, हे तूच सांगितलंस. तो मांडीच्या बाहेरून येणारा पट्टा, आयटी बँड. गुडघा साधारण तीस अंशात वाकला की तो हाडावर जास्त दाबतो, आणि उतारावर हळूहळू पळताना पाय पुन्हापुन्हा त्याच कोनात टेकतो. दुखायला लागलं की तिथेच थांबायचं, रिक्षा करायची. दोन आठवडे पल्ला कमी केल्याने दम जात नाही. रोज कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, किंचित मागे ठेवून टाच छताकडे उचल, १५ चे तीन फेरे. पाय पुढे आला की कुल्ल्याऐवजी मांडीच काम करते, मग उपयोग शून्य.

आणि शर्यतीच्या दिवशी आयब्रुफेन, ती दुखण्यावरची गोळी, नको. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडाला जड जाते.

झालं, लागलो शिकवायला. रागावू नकोस.

पेडर रोडच्या चढाला सगळे घाबरतात. परतीच्या वाटेवर, ३५ किलोमीटर होऊन गेल्यावर, तो लागतो. मला भीती त्यापुढच्या केम्प्स कॉर्नरच्या उताराची आहे. तिथे दोन-तीनशे मीटर चाललीस तर काही बिघडत नाही. सकाळच्या फिरण्यातल्या सगळ्यांना मॅरेथॉनचा ४२.१९५ किलोमीटर हा आकडा पाठ झालाय, माझ्यामुळे.

शनिवारी दोघी या. यवतेश्वरचा घाट तुम्हाला चढायचाच आहे, तो चढा, चढाचा गुडघ्याला एवढा त्रास नाही. मुग्धाला उतार पळायचा तर पळू दे. मी सहा वाजता गाडी घेऊन वर देवळापाशी उभा असेन. तू गाडीत बस. आई थर्मासमधून चहा देणार आहे.

तुझा,
बाबा