वर्गाचे नियम सांगायचे कसे, तेही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनमध्ये शाळा भरल्या की वर्गावर्गांत नियमांचा तक्ता लागतो. दंगा करू नये, उशिरा येऊ नये, न विचारता बाहेर जाऊ नये. सगळे 'नये'च. मग करायचे काय? दुसरीतल्या पोराला 'शिस्तीत राहा' म्हटल्यावर काय कळणार? 'दप्तर बाकाखाली ठेव' म्हटले की कळते. ते झाले की 'वही काढ', मग 'तारीख लिही'. तिन्ही एका दमात सांगितले तर पहिले तो विसरतो आणि बोलणी मात्र खातो.

मी कोरेगाव तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायलाही बंदी घातली. तेव्हापासून 'आमचे हात बांधले, पोरं ऐकत नाहीत' हे पालुपद चालू आहे. मला ते पटत नाही. छडीच्या काळात पोरे नियम पाळत नव्हती, सर कुठे आहेत ते बघत होती. सर कार्यालयात गेले की वर्गाचा बाजार व्हायचा.

पोषण आहाराच्या रांगेचेच घ्या. 'ढकलाढकली करू नका' असे रोज ओरडून घसा बसतो. त्याऐवजी 'पातेलं गरम आहे, धक्का लागला तर पुढच्याला भाजेल' एवढे कारण सांगावे आणि पहिल्या आठवड्यात रिकाम्या ताटल्या घेऊन रांगेचा सराव करून घ्यावा. पाढे घोकून घेतो तसा नियमही करवूनच घ्यावा लागतो, हे का कुणाला सुचत नाही?

चुकणाऱ्याला फळ्यापासून हाक मारू नये. सगळा वर्ग वळून हसतो आणि मग तो पोरगा अब्रू राखायला आणखी चेकाळतो. जवळ जाऊन हळू आवाजात 'आता चौथं गणित सोडव' म्हटले तरी भागते. नुसते 'शाब्बास'ही पुरत नाही. 'हात वर करून थांबलीस, बरं केलंस' म्हटले की कशाची शाबासकी मिळाली ते तिला आणि शेजारणीलाही कळते. आणि एक सर पाणी प्यायला सोडतात, दुसरे त्याच गोष्टीवर रागावतात, असे असेल तर पोरांनी कुणाचे ऐकायचे?

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट विसरली जाते. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बीडकडच्या ऊसतोड मजुरांची मुले आपल्या वर्गात येऊन बसतात. जूनमध्ये सांगितलेले नियम त्यांच्या कानावर पडलेलेच नसतात, तरी 'आगाऊ' हा शिक्का पहिल्याच आठवड्यात बसतो. त्यांच्यासाठी सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे, सोबतीला वर्गातलाच एखादा जोडीदार द्यावा. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९२४ मध्ये साताऱ्यात शाहू बोर्डिंग काढले. तिथे जातीजातींची मुले एकत्र राहून सगळी कामे स्वतः करत. त्या जिल्ह्यात हे अवघड वाटू नये.

प्रशिक्षणे भरपूर होतात, पण वर्गात बोलावे कसे हे त्यांत क्वचितच असते. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत माहिती भरण्याच्या सूचनांतून अर्धा तास काढून शिक्षकांनी एकमेकांपुढे हे करून दाखवावे, अशी शिक्षणाधिकाऱ्यांना विनंती. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. ठरलेले नियम त्यांच्यापुढेही वाचावेत, म्हणजे घरी त्याच शब्दांत सांगता येतील.

– एक निवृत्त शिक्षक, कोरेगाव (जि. सातारा)