सूर्यावर खापर फोडण्याआधी : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

पुरासंबंधीच्या एका बैठकीत अलीकडे व्यासपीठावरून सांगण्यात आले की, तापमानवाढ हा सूर्याचा खेळ आहे आणि त्यात माणसाच्या हाती काही नाही. समोर २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही महापुरांत घर सोडावे लागलेली माणसे बसली होती. त्यांनी माना डोलावल्या. महापुराला कारणे अनेक आहेत, हे मान्य. पण त्या डोलावलेल्या माना मला अस्वस्थ करून गेल्या.

सूर्याचा प्रभावच नाही, असे कोणी जाणकार म्हणत नाही. सौरडागांचे चक्र साधारण ११ वर्षांचे असते आणि त्या काळात पृथ्वीपर्यंत येणारी ऊर्जा, जी दर चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॅट आहे, जेमतेम ०.१ टक्क्याने कमी-जास्त होते. पृथ्वी गोल असल्याने आणि काही प्रकाश परत फेकला जात असल्याने यातून सरासरी वाट्याला येणारा फरक ०.२ वॅटच्या आसपास भरतो, आणि तोही प्रत्येक चक्रात चढून पुन्हा उतरतो. १७५० पासून साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची भर मात्र २ वॅटच्या वर गेली आहे. १९८० नंतर सूर्य किंचित मंदावला, तरी तापमान चढतच राहिले. मला सर्वांत निर्णायक वाटतो तो स्थितांबराचा, म्हणजे वातावरणातील वरच्या थराचा पुरावा: सूर्यामुळे उष्णता वाढली असती, तर स्थितांबरही तापायला हवे होते, प्रत्यक्षात ते थंड होत आले आहे.

अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणे देवीच्या मुखापर्यंत पोहोचली नाहीत, तर कोल्हापूरकर सूर्याला बोल लावत नाही; ढग, धूळ आणि किरणांच्या वाटेत उभी राहिलेली बांधकामे यांची चर्चा करतो.

विनंती एवढीच की, 'माझी वसुंधरा' अभियानातून ही आकडेमोड साध्या मराठीत, विभागाच्या नावानिशी, ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचवावी. त्यात सूर्याचा वाटाही प्रामाणिकपणे नोंदवावा, कारण तो वगळला की शंका बळावतात. आणि शासकीय खर्चाने बोलावलेल्या वक्त्यांना ते टिपण आधी वाचायला द्यावे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. आकडे आमच्या लोकांना जड जात नाहीत.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक, कोल्हापूर