शाळा लांब गेली की

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, आपल्या गावची शाळा लांबच्या मोठ्या शाळेत विलीन करायचं चाललंय, त्यावर सभा आहे. रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तू लहान शाळेत शिकलीस, मोठ्या शाळेत शिकवतेस. आता सांग, सभेत मी काय बोलू?" मी "बघू" म्हणून विषय बदलला. तुम्हाला राग आला असणार. खरं म्हणजे उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण ते तुम्हाला आवडणारं नव्हतं. करू द्या विलीन, असं मी म्हणणार होते.

कारण मला माझी नववी आठवते. विज्ञानाचे सर बदलून गेले आणि वर्षभर दुसरे आलेच नाहीत. चित्रकलेच्या बाई पुस्तक वाचून दाखवायच्या, त्यांनाही त्यातलं फारसं कळत नव्हतं. बिचाऱ्या प्रामाणिकपणे तसं सांगायच्या. परीक्षानळी मी हातात धरली ती थेट कॉलेजात, आणि पहिल्याच दिवशी फोडली. शाळेबद्दल जीव ओलावतो तेव्हा हे आपण सोयीस्करपणे विसरतो. तुम्हीसुद्धा.

मग हे चार दिवस मी आमच्या शाळेकडे जरा नीट पाहिलं. आसपासच्या लहान शाळा बंद करून ही मोठी झाली. प्रयोगशाळा आहे, प्रत्येक विषयाला शिक्षक आहे. पण माझ्या पहिल्या तासाला मागच्या दोन बाकांवर कायम डुलक्या चालू असतात, आणि ती सगळी बसची मुलं. अंधारात घर सोडून येतात. शाळा सुटल्यावर जादा तास, खेळाचा सराव, नाटकाची तालीम असं खूप काही असतं, पण बस कुणासाठी थांबत नाही. म्हणजे शाळेत सगळं आहे आणि ते जवळ राहणाऱ्यांचं आहे. इतकी वर्षं मी त्या मुलांना आळशी म्हणत आले, याची आता लाज वाटते.

अमेरिकेत कॅन्सस राज्यात रॉजर बार्कर आणि पॉल गंप या दोघांनी नेमकं हेच तपासलं होतं. पस्तीस मुलांच्या शाळेपासून दोन हजारांवर मुलं असलेल्या शाळेपर्यंत अनेक हायस्कुलं त्यांनी पाहिली. त्यांचं काम 1964 मध्ये प्रसिद्ध झालं. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त असतात, पण एकेका मुलाच्या वाट्याला जबाबदारीचं काम लहान शाळेतच जास्त येतं, असं त्यांना दिसलं. लहान शाळेत माणसं कमी पडतात, म्हणून लाजऱ्यालाही ओढून उभं करावं लागतं. आई, आठवतं? मी सूत्रसंचालन केलं होतं, आणि तेही दुसरं कुणी नव्हतं म्हणून. इथे असते तर प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवल्या असत्या.

त्याच देशात 1939-40 मध्ये सुमारे 1,17,000 शाळा-जिल्हे होते. म्हणजे आपापल्या भागातल्या शाळा चालवणारी स्थानिक मंडळं. विलीन होत होत आज चौदा हजारही उरलेली नाहीत. जेम्स कोनंट नावाच्या मोठ्या शिक्षणतज्ज्ञाने 1959 मध्ये सुचवलं होतं की हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात निदान शंभर मुलं असावीत, तरच पुरेसे विषय शिकवता येतात. आपल्या शेवटच्या वर्गात आम्ही सव्वीस होतो. त्या मापाने आपली शाळा शाळाच नव्हे!

पण मला खरी चटका लावून गेली ती लेक व्ह्यू या ठिकाणाची गोष्ट. आर्कान्सा राज्यातलं हे लहानसं, गरीब, कृष्णवर्णीयांचं खेडं. सरकार आमच्या मुलांवर इतरांपेक्षा कमी खर्च करतं, म्हणून तिथल्या शाळा-जिल्ह्याने 1992 मध्ये दावा लावला. दहा वर्षं कोर्टात काढली. 2002 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं: ही व्यवस्था अपुरी आहे, राज्यघटनेला धरून नाही. मग सरकारने शाळांना पैसा वाढवला, आणि त्याच दुरुस्तीच्या गाठोड्यात कायदा आणला की सलग दोन वर्षं 350 पेक्षा कमी पट राहिला तर तो जिल्हा विलीन. 2004 मध्ये लेक व्ह्यूचा जिल्हाच शेजारच्या जिल्ह्यात विलीन झाला. दावा जिंकला आणि ज्यासाठी लढले तेच हातचं गेलं. मी ते दोनदा वाचलं. न्यायालय चुकलं असंही म्हणवत नाही, कारण मुलांना विषय मिळत नव्हते हे खरंच होतं. माझ्या नववीसारखंच.

म्हणून बाबा, "शाळा गेली की गाव मरेल" हा मुद्दा सभेत पहिला मांडू नका. रागावू नका, पण गाव जगवायचं काम तेरा-चौदा वर्षांच्या पोरांच्या गळ्यात का मारायचं? जपानमधल्या आमा या बेटावरच्या गावातल्या हायस्कुलाचा पट शंभराच्या खाली आला होता, विलीनीकरण डोक्यावर होतं. त्यांनी शाळा वाचवा म्हणून नुसतं रडगाणं गायलं नाही. शिकवण्यातच असा बदल केला की मुख्य भूमीवरची मुलं बेटावर राहून शिकायला यायला लागली, आणि पट जवळजवळ दुप्पट झाला. आपल्याकडे तसं होईल असं मी म्हणत नाही. बेटाची गोष्ट वेगळी. पण शाळा आहे तशीच ठेवा असं म्हणून कुणी ऐकणार नाही, एवढं खरं.

आई, तू फोनवर मागून ओरडलीस, "आणि मुलींचं काय?" बाबांनी ते ऐकू न आल्यासारखं केलं, मीही केलं. सगळ्या चर्चेतला खरा प्रश्न तोच होता. बिहारमध्ये 2006 पासून नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा हिशोब मांडला, तेव्हा हायस्कुलात नाव घालणाऱ्या मुली 32 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. मुख्य फरक पडला तो शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत. एका सायकलीने इतक्या मुली आत येतात, तर शाळा लांब नेल्याने किती बाहेर जातील? मुलगे कसेही पोहोचतात. मुलीचं नाव शाळेतून काढलं जातं, तेही भांडण न होता, "घरी मदत लागते" असं सांगून.

तर माझं मत असं. नववी-दहावी गावातच राहू द्या. गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे शिक्षक आजूबाजूच्या तीन शाळांनी मिळून ठेवावेत, त्यांनी वार वाटून फिरावं. दोन-तीन शिक्षकांनी प्रवास केलेला परवडतो, साठ मुलांनी केलेला नाही. ते नुसतं कागदावर राहिलं तर मात्र मीच म्हणेन, विलीन करा. विज्ञानाविना दुसरी नववी नको. अकरावी-बारावी एकत्र करायला माझा विरोध नाही. तिथे शाखा लागतात, आणि पोरंही थोडी मोठी झालेली असतात.

बचतीचे आकडे दाखवतील तेव्हा मान डोलावू नका. वाचलेले पगार पहिल्या ओळीत असतात, आणि बस, चालक, पावसात खचलेला रस्ता हे कुठेच नसतं. बसचा खर्च किती वर्षं कोण देणार, ते लेखी मागा. शिवाय एकदा बंद केलेली शाळा पुन्हा उघडायची म्हटलं तर इमारत उरलेली नसते.

आई, एक काम तुझ्याकडे. आठवीतल्या सात-आठ मुली गावाबाहेरच्या वस्त्यांवरून येतात ना, त्यांच्या घरी जाऊन ये. पुढच्या वर्षी शाळा लांब गेली तर पाठवणार का, एवढंच त्यांच्या आयांना विचार. कोण लगेच "हो" म्हणतं आणि कोण आधी नवऱ्याकडे बघतं, ते तुला बरोबर कळेल. जमलं तर त्यांना सभेला घेऊन जा. बाबा चांगलं बोलतात, पण या वेळी त्यांच्या आधी त्या बायका बोलल्या तर बरं.

आणि बाबा, विलीनीकरणाबद्दल समितीने वाटलेल्या त्या कागदाचा फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचा. बसचा खर्च कुठल्या रकान्यात लिहिलाय ते मला बघायचंय.

तुमची,
धाकटी