यंदा आधी पावसाची वर्गणी

सर्व रहिवाशांना मंडळातर्फे नमस्कार.

मे महिन्यातच पावती पुस्तक घेऊन पोरं दारात कशी, असं वाटेल. गणपतीची वर्गणी नेहमीप्रमाणे नंतर. ही पावसाची.

२५ सप्टेंबर २०१९ची पुराची रात्र पुण्यात आंबिल ओढ्याकाठी कुणी विसरलेलं नाही. कात्रजच्या बाजूचा पाऊस बघता बघता खाली आला. शहर-जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. आपल्या गल्लीत लाइट गेली, फोन लागेनात. पार्किंगमधल्या गाड्या तरंगत गेटवर आदळत होत्या. पथकातल्या एका पोरानं गच्चीत जाऊन ढोल बडवला, तेव्हा कुठे मागची चाळ जागी झाली. गणपती नुकतेच झालेले, मांडववाल्यानं वासे उचलले नव्हते. त्याच वाशांना सतरंजी बांधून तळमजल्यावरच्या दोन आज्यांना वर नेलं. मांडववाल्याच्या आळसावर आपण एरवी किती तोंडसुख घेतो!

मुठेकाठी निदान खडकवासल्याच्या विसर्गाचे आकडे कळतात. तरी २५ जुलै २०२४ला एकतानगरीत पाणी घरांत शिरलंच. ओढ्याचे आकडे तर आपल्या दारापर्यंत कुणी आणून देत नाही. २०१६ साली संकटांना तोंड देऊ शकतील अशा शंभर शहरांच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात पुण्याचं नाव आलं. चांगलंच झालं. पण अग्निशमन दलाची गाडी गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंतचा वेळ आपल्यालाच काढायचा असतो.

त्यासाठी जाड दोर, लाइफ जॅकेट, चार्जिंगचे मोठे टॉर्च, बॅटरीवरचा भोंगा आणि एक घडीचं स्ट्रेचर घ्यायचं आहे. रक्कम कितीही चालेल. घरात दोर, ताडपत्री पडून असेल तर तीही द्या. फाटकी मात्र नको, मागच्या वेळी तीच जास्त आली.

पैशापेक्षा अडलंय ते माणसांवाचून. जोराचा पाऊस असेल त्या रात्री पुलावर पाळीनं दोघांनी थांबायचं आहे. शिवाय तळमजल्यावर कोण झोपतं, कुणाला उचलावं लागेल, कुणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं, याची यादी करायची आहे. ती वहीत राहील, व्हॉट्सअॅपवर फिरणार नाही. भाडेकरूंनीही नावं द्यावीत, घरमालकाला विचारायची गरज नाही.

रोज संध्याकाळी ७ ते ९ मंडळाच्या खोलीत कुणी ना कुणी असेल. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. खर्चाचा कागद महिनाअखेर फळ्यावर लागेल.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते