आमच्या संमतीचा कागद आम्हाला कळू द्या

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

मी भांडुपला राहते, महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवते आणि दोन वर्षांपासून लिम्फोमाची, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाची, रुग्ण आहे.

गेल्या पावसाळ्यात मुंबईतल्या एका रुग्णालयात माझी केमो चालू होती. शेजारच्या खाटेवर परभणीकडचे एक काका होते. त्यांना एका औषधाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे नवं औषध रुग्णांवर तपासून पाहणाऱ्या चाचणीत, येता का, असं विचारलं होतं. हातात वीसेक पानांचं माहितीपत्रक, ते वाचून संमतीची सही करायची. "ताई, तुम्ही मास्तरीण ना? एवढं वाचून सांगा." कागद मराठीतच होता, तरी तिसऱ्या पानावर मीच अडखळले. "सहभागींचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल." इतकी वर्षं मराठी शिकवतेय, पण हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. शेवटी डॉक्टरांना गाठलं. अर्थ एवढाच, की नवं औषध कोणाला आणि सध्याचं कोणाला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं संगणक ठरवतो, डॉक्टर नाही. काकांना ते लगेच कळलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे ज्याची चिठ्ठी निघाली नाही त्याला नुसतं सलाईनचं पाणी?" नाही, त्यालाही नेहमीचा उपचार मिळणारच होता. डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं. ते वाक्य वीस पानांत मला कुठे सापडलं नाही. तोवर "बाबांवर प्रयोग नको" म्हणून मुलाने गावी न्यायचं पक्कं केलं होतं. काका गावी निघून गेले. त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो.

कायदा आमच्या बाजूचा आहे, हे मला नंतर वाचून कळलं. औषधांच्या ट्रायलसाठीच्या २०१९ च्या नियमांनुसार रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी त्रयस्थ साक्षीदार लागतो. कारण न सांगता ट्रायल कधीही सोडता येते. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. पण 'समजेल अशी भाषा' म्हणजे नुसती देवनागरी लिपी नव्हे, महोदय.

आणि ट्रायल आहे, हे कळणार कसं? २००९ पासून प्रत्येक ट्रायलची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद करावी लागते. ती कुणालाही पाहता येते, पण नोंदी इंग्रजीत, त्याही डॉक्टरी इंग्रजीत. आमच्या आजारात उशीर महागात पडतो. आधी कोणती औषधं झाली, किती वेळा केमो झाली, किडनी-लिव्हर कसं आहे, यावर ट्रायलमध्ये घेतात की नाही ते ठरतं. सगळे उपाय थकल्यावर शोधायला निघालेल्याला बऱ्याचदा नकारच मिळतो.

माझ्या घराजवळच्या पवईच्या आयआयटीने आणि टाटा मेमोरियलने मिळून घडवलेली देशी कार-टी उपचारपद्धती (रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी बदलून त्यांना कर्करोगाशी लढायला लावणारी) ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झाली. त्याआधी ६४ रुग्णांनी तिच्या ट्रायलमध्ये भाग घेतला होता, माझ्यासारखेच लिम्फोमाचे आणि ल्युकेमिया या दुसऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे. उद्या माझा आजार उलटला तर त्यांच्यामुळे माझ्यासाठी एक वाट असेल. काकांनाही त्या रांगेत उभं राहायचा हक्क होता.

म्हणून मागणी करते. ट्रायलला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत एक सामान्य माणूस असावाच लागतो. माहितीपत्रक मंजूर होण्याआधी मराठी प्रत त्याला मोठ्याने वाचायला लावा, शेजारी त्याच आजाराचा एक रुग्ण बसवा. ते जिथे अडतील, ते वाक्य पुन्हा लिहिलं जावं. आणि सीटीआरआयच्या प्रत्येक नोंदीखाली मराठीत दहा ओळी द्या: ट्रायल कोणासाठी, कुठे, किती फेऱ्या, धोका काय, फोन कोणाला करायचा. सुरुवात रक्ताच्या कर्करोगापासून करा.

पहिल्या वाचनाला बोलावलंत, तर मी शाळेतून रजा काढून येईन.

आपली,
भांडुपची एक शिक्षिका